शनिवारची सभा

खांडबारा, ९ जानेवारी २०२४

नवनीत सर,

काल तुमचे वडील अमृतभाऊ शाळेत येऊन गेले. त्यांच्याबरोबर तुमचे दोन चुलतभाऊ होते. चहा मागवला, तो कोणी घेतला नाही. माझा डावा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. त्याच्याकडे बघत अमृतभाऊ म्हणाले, "सिस्टर, मन्हा पोऱ्या तुम्हनामुळे जिता शे. आम्ही इसरनार नही. आते इतलंच करा. पोर पायरीवरतीन पडनी, असं पोलिसले सांगा."

मी म्हटलं, "भाऊ, दिपाली पायरीवरून पडलेली नाही."

"तुम्ही सांगशात तं पडनी."

"मी सांगणार नाही."

थोरल्या चुलतभावाने कपाटावरचा पृथ्वीगोल उचलला आणि माझ्या कानाजवळून भिंतीवर फेकला. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते, ते थांबले. अमृतभाऊंनी त्याला आवरलं नाही. दारातून वळून म्हणाले, "आमनी सून तुम्ही कोठे लपाडेल शे, ते बी आम्ही शोधी काढसूत."

गुरुवारी पोलीस माझा सविस्तर जबाब घेणार आहेत. पहिला त्यांनी दवाखान्यात घाईघाईने घेतला होता. तुम्ही सुरतेच्या दवाखान्यातून कोरिटला घरी आलात आणि उजव्या डोळ्याने वाचता, हे अमृतभाऊंकडूनच कळलं. म्हणून पोलिसांना जे सांगणार आहे ते आधी तुम्हाला लिहिते. ज्याच्याविषयी बोलायचं ते त्याच्या तोंडावर, हा नियम आपल्या शाळेत तुम्हीच आणला होता.

सुरुवातीलाच मी हे सांगणार आहे की तुम्ही माझ्या शाळेतले सगळ्यात चांगले शिक्षक होता. फौजदारांना त्याचा उपयोग नसेल, तरी सांगणार. मी मुख्याध्यापिका झाले त्या जूनमध्ये सगळ्या वर्गांतल्या छड्या गोळा करून खिचडीच्या चुलीत घातल्या. बाकीचे शिक्षक मान खाली घालून उभे होते. फुलवंताबाई तर रडवेल्या झाल्या होत्या, त्यांची छडी त्यांच्या वडिलांची होती. तुम्ही तेव्हा नवे. तुम्ही मागच्या खोलीतून एक विसरलेला फोक शोधून आणलात आणि म्हणालात, "सिस्टर, हा राहिला होता." पहिलीच्या पोरांना 'आहे' कळत नाही, 'शे' कळतं, म्हणून तुम्ही वाचनाची सुरुवात 'शे'पासून केलीत. पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या आयांना वर्गात बसवून त्यांच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहिलेत. हिशेब शिकवायला तिसरीचा वर्ग बाजारात नेऊन भाजीवाल्यांच्या शेजारी बसवलात. शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात मागच्या रांगेत बसावं, असं मी सुचवलं तेव्हा कोणी तयार होईना. तुम्ही वर्गाचं दार उघडून ठेवलंत आणि म्हणालात, या.

शनिवारची सभा तुमचीच. व्हरांड्यात सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं, मुलांनी आणि शिक्षकांनी, मीही. ज्याला जे बोलायचं ते बोलायचं. नियम दोनच. डोळ्यांनी पाहिलं असेल तेच बोलायचं, ऐकलेलं नाही. आणि सभेत बोलल्याबद्दल कोणाला शिक्षा नाही. हे दुसरं वाक्य तुम्ही भिंतीवर गेरूने लिहिलंत. ते अजून तिथेच आहे.

९ डिसेंबरच्या शनिवारी धर्मप्रांताच्या शिक्षण विभागाची मंडळी ती सभा बघायला आली होती. त्यांच्या इतर शाळांतही ती सुरू करावी असं चाललं होतं आणि त्या कामावर तुम्हाला नेमणार होते. सभा छान रंगली होती. पाहुण्यांपैकी एका फादरांनी हसत विचारलं, "सरांविषयी कोणाला काही सांगायचं आहे का?"

दिपालीने हात वर केला. आठ वर्षांची पोर. तिची आई शांतीबाई तुमच्या क्वार्टरमध्ये भांडी घासायला जायची आणि तीही आईबरोबर असायची, तुमच्या चेतनाला काकू म्हणायची. ती उभी राहिली आणि फळ्यावरचं वाचावं तशी म्हणाली, "मी देखं. सरनी काकूनं डोकं भितवर आपटं. काकूनी उलटी करी."

तुम्ही हसलात. पाहुण्यांकडे बघून म्हणालात, "पोरांची कल्पनाशक्ती." पाहुणेही हसले. मी नाही हसले, कारण तुमची नखं तळहातात रुतलेली मला दिसत होती.

जेवणं झाल्यावर मी पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेले. परत फाटकातून आत येते तोच तिसरीच्या वर्गातून आवाज आला. दिपालीला तुम्ही तक्ते आवरायला म्हणून आत बोलावलं होतं. शांतीबाई मागे हौदावर भांडी घासत होती, तिला काही ऐकू आलं नाही. मी दारात आले तेव्हा तुमच्या हातात नकाशाचा लाकडी दांडा होता. प्रत्येक फटक्याबरोबर तुम्ही म्हणत होता, "म्हण, खोटं बोलले." ती म्हणत होती, "मी देखं." तिचा डावा हात मनगटापासून भलत्याच बाजूला वळला होता. कानातून रक्त मानेवर आलं होतं. मी तुमच्यापर्यंत पोचण्याआधी तिने म्हटलं, "खोटं बोलले." स्पष्ट म्हणाली. मी ऐकलं आणि तुम्हीही ऐकलंत. त्यानंतरही तुम्ही मारलंत.

सर, गुरुवारी मी हे सगळं सांगणार आहे आणि हे शेवटचं तर नक्कीच.

सिस्टर शीला


खांडबारा, १३ जानेवारी २०२४

नवनीत सर,

जबाब झाला. माझ्या पत्राचं उत्तर म्हणून तुमच्या वकिलांचा फोन आला. मी 'मुलीच्या बाजूने पढवलेली' आहे आणि तुमच्यावर झालेल्या हल्ल्याविषयी गप्प राहणार आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी थोडा धीर धरायला हवा होता. माझ्या जबाबाचा मोठा भाग त्याच हल्ल्याविषयी आहे. तुमची शुद्ध हरपली होती, म्हणून जे तुम्ही पाहिलं नाही तेही लिहिते.

शनिवारी संध्याकाळी दिपालीला मी नंदुरबारला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. रविवारी मी लेखी तक्रार दिली आणि तुम्हाला क्वार्टरच्या दारात येऊन सांगितलं की कोरिटला निघून जा, उद्या शाळेत पाऊल टाकू नका. तुम्ही म्हणालात, पळून गेलो तर खरं ठरेल. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्या वर्गाच्या रांगेपुढे येऊन उभे राहिलात. दिपालीची जागा तुमच्या समोरच रिकामी होती. पोलीस दुपारी येणार होते. माणसं त्याआधी आली.

पुढे जालमसिंग होता, दिपालीचा मामा. उसाचा ट्रॅक्टर चालवतो, एरवी मला लांबूनच हात जोडतो. त्याच्या मागे दोन पाड्यांवरचे लोक, हातात काठ्या, लोखंडी पाइप, काहींकडे ऊस तोडायचे कोयते. मी तुम्हाला धान्याच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. फुलवंताबाईंनी मुलांना वर्गांत घालून दारं लावली.

"बाजूले व्हा सिस्टर," जालमसिंग म्हणाला. "तुम्हले काही करनार नही. त्यानी मन्ही भाचीना हात मोडा."

"मला माहीत आहे. मीच तक्रार दिली आहे. पोलीस येत आहेत."

"पोलिस येतीन. त्या त्याले खुर्ची देतीन बसाले."

त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं, अगदी जपून, पोतं ठेवावं तसं. मग दार तोडलं.

पायांना धरून तुम्हाला ओढत मैदानात आणलं. पहिल्या पाइपच्या फटक्याला गुडघा गेला, तो आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो. तुम्ही हात पुढे केलेत, ते त्यांनी काठ्यांनी खाली पाडले. कोणी कमरेत लाथा घालत होतं, कोणी केस धरून तोंड वर करत होतं. तुम्ही 'माय' म्हणून ओरडत होता. जालमसिंग तुमच्या छातीवर बसला आणि दगड घेऊन तोंडावर मारला. डावा डोळा तेव्हा गेला.

आणि मी उभी होते. पोलिसांनी विचारलं, तुम्ही लगेच मध्ये पडलात का? मी नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं, भीतीमुळे. मी त्यांना ते खोडायला लावलं. सर, मला भीती वाटत नव्हती. तो पाइप पडत होता आणि मला बरं वाटत होतं. नकाशाच्या दांड्याचा हिशेब होतो आहे असं वाटत होतं. इतकी वर्षं गळ्यात क्रूस घालते, मारू नका हे इतक्यांदा शिकवलं, आणि त्या मैदानात मला अजून एक फटका हवा होता.

मग माझी नजर खिडक्यांकडे गेली. दारं लावली होती, पण खिडक्यांच्या गजांना मुलं लटकली होती, पहिलीपासून चौथीपर्यंत सगळी. ती तुमच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. सिस्टर काय करतात, हे बघत होती.

मी गेले आणि तुमच्या अंगावर आडवी पडले. कोणाची तरी काठी वरून येतच होती, ती माझ्या हातावर बसली. त्याला मारायचं नव्हतं, तो धुडकू होता, आपल्याच शाळेतल्या दोन मुलींचा बाप. हाड मोडल्याचा आवाज आला तसा तो काठी टाकून मागे सरला. पण जालमसिंग उठला नाही. मला एका हाताने बाजूला करत होता, दुसऱ्या हातात दगड तसाच.

तेवढ्यात चेतना आली. अमृतभाऊ गावभर सांगतात की सुनेने पदर पसरून नवऱ्याचे प्राण मागितले. तसं झालं नाही. ती क्वार्टरमधून चालत आली, धावत नाही. तुमच्याकडे तिने पाहिलं, खूप वेळ पाहिलं. कपाळावर शनिवारच्याही आधीची जखम होती, ती तिने त्या दिवशी झाकली नव्हती. मग जालमसिंगला म्हणाली, "मरी गया तं मी केस कोनवर करू?"

त्याने हातातला दगड खाली ठेवला, फेकला नाही. मग सगळे एकेक करून मैदानातून बाहेर पडले.

जालमसिंगचं नाव मी पोलिसांना दिलं. पाइप कोणाच्या हातात होता तेही. धुडकूचं नाव द्यायला जीभ रेटत नव्हती, तरी दिलं. तुमच्या वकिलांना कळवा.

सिस्टर शीला


खांडबारा, २७ फेब्रुवारी २०२४

नवनीत सर,

तुमची चिठ्ठी मिळाली. चेतना कुठे आहे, एवढी एकच ओळ तुम्ही लिहिली आहे. ते मी सांगणार नाही. तिने तिचा जबाब दिला आहे आणि डॉक्टरांनी तिच्या अंगावरच्या खुणा नोंदवल्या आहेत. त्यातल्या काही जुन्या आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

इथलं सांगते, कारण त्यातलं बरंच तुमच्या घरातून आलं आहे.

मागच्या बाजाराच्या दिवशी शांतीबाई भेंडी घेऊन बसली होती. तुमचे दोघे चुलतभाऊ मोटारसायकलवर आले. एकाने तिच्या टोपलीला लाथ मारली, दुसऱ्याने केस धरून तिला रस्त्यावर ओढलं आणि सगळ्या बाजारासमोर तोंडावर चपलेने मारलं. "पोरले खोटं शिकाडस?" असं विचारत मारलं. लोक बघत होते. आमची गावातली सिस्टर औषधं आणायला गेली होती, तिने आरडाओरडा केला तेव्हा ते गेले. शांतीबाईचे पुढचे दोन दात पडले.

मी तिला बघायला गेले तर तिने मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तोंड सुजलं होतं, शब्द नीट निघत नव्हते. म्हणाली, "तुम्ही मन्हा भाऊले आत टाकं."

"बाई, त्याने केलं ते मी पाहिलं. सरांनी केलं तेही पाहिलं. दोन्ही सांगितलं."

"दोन्ही एकच शे का?"

"एकच नाही. पण दोन्ही मी पाहिलं."

ती माझ्या पायापाशी थुंकली. थुंकीत रक्त होतं. दिपाली आतल्या अंधारात बसली होती. मी हाक मारली, तिने ओ दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव सरकारी शाळेत आहे.

बाजारातल्या मारहाणीची तक्रार शांतीबाईने दिली नाही, ती घाबरली आहे. मी दिली. त्या आठवड्यात शाळेच्या खिडक्या फुटल्या. पहिलीतल्या उखाच्या डोक्याला काच लागली, टाके पडले.

आमच्या मॅनेजर फादरांचं म्हणणं असं की दोन्ही बाजूंनी तक्रारी मागे घ्याव्यात, शाळा तरी वाचेल. ते वाईट माणूस नाहीत, रोज त्यांना फोन येतात. आमच्या संघाच्या प्रमुख, प्रोव्हिन्शियल सिस्टर, यांनी लिहिलं की निदान शनिवारची सभा बंद करा, सगळं तिथून सुरू झालं.

पालकांची सभा घेतली. ती सभा कसली, नुसती झोंबाझोंबी. पाड्यावरचे एका बाजूला, गावातले दुसऱ्या बाजूला. कोणीतरी कोणाची तरी गचांडी धरली, बाकं आडवी झाली, एका आजोबांच्या नाकातून रक्त आलं. मी घंटा वाजवत राहिले, दुसरं सुचत नव्हतं. शांत झालं तेव्हा धुडकू पुढे आला. जामिनावर आहे. त्याने ओल्या फोकांची जुडी आणली होती, ती माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "ल्या सिस्टर. पोरास्ले मारा, आम्ही काही बोलनार नही. पन ते सभा नको." बऱ्याच जणांनी माना हलवल्या. छडी होती तेव्हा असं कधी झालं नव्हतं, हे मी कितीतरी तोंडांतून ऐकलं. आजवर याचं उत्तर म्हणून माझ्याकडे तुम्ही होता, सर.

निर्णय मी एकटीने घेऊ शकले असते. घेतला नाही. शिक्षकांना बसवलं आणि म्हटलं, तुम्ही सांगा, ज्याला सभा नको त्याच्यावर माझा राग नाही. मग बोलल्या त्या फुलवंताबाई, ज्यांना ही सभा पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. म्हणाल्या, "मला त्या गोलात बसून गुडघे दुखतात. पोरं काहीबाही बोलतात. पण आता बंद केली तर याचा अर्थ पोरीने बोलायला नको होतं, असा होतो. मग मी बसते."

प्रोव्हिन्शियल सिस्टरांना मी तेच वाक्य लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही. सभा चालू आहे. मुलं येतात, गोल बसतात आणि कोणी काही बोलत नाही. घंटा होते, उठतात. दर शनिवारी असंच चाललं आहे. पण बसतो आम्ही.

तुमच्या चुलतभावांना सांगा, चेतनाच्या शोधात कॉन्व्हेंटच्या फाटकाशी येऊन शिव्या देऊ नका. ती तिथे नाही.

सिस्टर शीला


खांडबारा, ६ जुलै २०२४

नवनीत सर,

तुमचं मोठं पत्र मिळालं. अक्षर अजून ओळखू येतं, थोडं तिरपं झालं आहे.

तुम्ही लिहिलंत की रागाच्या भरात हात उठला. लिहिलंत की वडिलांचा मार खाऊन तुम्ही मोठे झालात, शाळेत शिरताना तो फाटकाबाहेर ठेवायचात आणि घरी जाताना पुन्हा उचलायचात. हे मी दोनदा वाचलं. मला पटलं. त्याने दिपालीचा हात सरळ होत नाही, हेही खरं. तुम्ही विचारलंत की शनिवारच्या सभेत येऊन सगळ्या मुलांसमोर, दिपालीसमोर, गुडघ्यावर बसून माफी मागू का? खटल्याची तारीख जवळ आली आहे, तुमच्या वकिलांना अशी माफी उपयोगी पडेल, हे माझ्या मनात आलं. आलं ते लपवत नाही. तरी पत्र खोटं वाटलं नाही.

दिपाली जूनमध्ये परत आली. शांतीबाईनेच आणून सोडली. जालमसिंग जामिनावर सुटून आला आहे, कदाचित त्यामुळेही राग थोडा उतरला असेल. माझ्याशी शांतीबाई अजून बोलत नाही, फुलवंताबाईंना म्हणाली, "घरमा ती बोलस नही. तठल्या शाळामा बी नही. आठे बोलत व्हती." दिपाली आता चौथीत आहे. दाराजवळ बसते. मोठा आवाज झाला की उठून बाहेर जाते, थोड्या वेळाने आपणहून येते. आम्ही तिला अडवत नाही.

तुमच्या मागणीवर हो किंवा नाही मी म्हणू शकत नव्हते. ज्याच्याविषयी बोलायचं ते त्याच्या तोंडावर. म्हणून आधी दिपालीला आणि शांतीबाईला एकटं गाठून विचारलं की सरांचं असं पत्र आहे, सभेत वाचू की फाडून टाकू? शांतीबाईने दिपालीकडे हात केला. दिपाली म्हणाली, "वाचा."

आज वाचलं. वडिलांच्या माराचा भाग गाळला, माफीचा तेवढा वाचला. ऐकून मुलं चुळबुळू लागली. इतक्या महिन्यांनी सभेत आवाज फुटला. चौथीतला एक म्हणाला, सर आले तर मी येणार नाही. एक मुलगी म्हणाली, येऊ द्या, सर बाजारात न्यायचे. उखाने विचारलं, "सरांना एकच डोळा आहे का? मग त्यांना आपण सगळे दिसू का?" कोणी हसलं नाही. दुसरा म्हणाला, सरांना मधे बसवा आणि आपण सगळे एकेक मारू. त्यावर फुलवंताबाई म्हणाल्या, "इथे कोणी कोणाला मारत नाही," आणि मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा नाही."

मी म्हटलं, "दिपाली, तुला काही बोलायचं आहे? नसेल तर नको."

ती दाराजवळच उभी राहिली. वाकडा हात दुसऱ्या हाताने धरला होता. म्हणाली, "आठे कसाले? आठे तं सर्वास्ले मालूम शे. सरना गावमा सांगा म्हना. त्यास्नी मायसमोर, बापसमोर. पोर खोटं बोलनी नही, असं."

"मग इथे कधी येतील?" उखाने विचारलं.

"पहिले तठे," ती म्हणाली आणि बसली.

मी हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी केले. सरांना इथे आणून मारावं म्हणणाऱ्यानेही केला. शिक्षकांनी केले. मीही केला, माझा डावा खांद्याच्या वर जात नाही म्हणून उजवा.

तेव्हा सर, सभेचा निरोप जसाच्या तसा कळवते. गुडघ्यावर बसायची गरज नाही. कोरिटच्या तुमच्या अंगणात, जिथे अमृतभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की पोर पायरीवरून पडली, तिथे तुम्ही उभे राहून सांगा की पडली नाही. चुलतभाऊ हजर असू द्या. तुमची आई असू द्या. दिपालीने सभेत जे सांगितलं ते खरं होतं, एवढंच वाक्य आहे. ते तुम्ही बोललात तर घरचे तुमच्याशी कसे वागतील, याची मला कल्पना आहे. पृथ्वीगोल माझ्या कानाजवळून गेला होता.

चेतना बरी आहे. याहून जास्त सांगायचा मला अधिकार नाही.

सभा उठल्यावर दिपाली जाईपर्यंत मी व्हरांड्यात थांबले. तिला विचारलं, "तुला वाटतं का, सर सांगतील?"

"नही," ती म्हणाली. जराही वेळ न घेता.

मी म्हटलं, मला वाटतं सांगतील. मोठी माणसं लहान मुलाचं मन राखायला मान हलवतात तशी तिने मान हलवली.

सिस्टर शीला